भूल देणारं औषधच झोंबतं, ते का? (लिग्नोकेन, प्रोपोफोल, टीआरपीए१ वगैरे)

चेतातंतू (प्रश्न)

लिग्नोकेन (तेवढीच जागा बधिर करणारं) सोडियम चॅनेल, म्हणजे चेतापेशीच्या पटलातली सोडियमची वाट, अडवतं आणि प्रोपोफोल (पूर्ण भुलेसाठी शिरेतून द्यायचं) चेतापेशी शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतं, इथपर्यंत पुस्तकात सगळं सरळ आहे. वेदना टिपणाऱ्या रिसेप्टरचं नाव या दोन्ही वाक्यांत कुठेच येत नाही. तरीही प्रोपोफोल शिरेत सोडताना हाताची आग होते, लिग्नोकेन टोचताना आधी चुरचुरतं आणि मगच बधिर होतं, डेस्फ्लुरेन हा भुलेचा वायू हुंगवला की खोकला सुटतो. वेदना घालवणारी औषधं आधी वेदना देतात, याचं पेशीच्या पातळीवरचं कारण काय?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) ही औषधं वेदनाग्राहींना थेट चिकटतात का?
२) पूर्ण भुलेत वेदनाग्राही बंद असतात का?
३) टीआरपीए१ हा चॅनेल असलेल्या एचईके २९३ पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग वापरून प्रोपोफोलचा प्रतिसाद मोजताना आकडे दर वेळी वेगळे येतात, आणि त्याच कव्हरस्लिपवर (पेशी वाढवलेल्या पातळ काचेवर) दुसरा डोस दिला की प्रतिसाद जवळपास निम्मा होतो. चूक कुठे शोधायची?

---

आयनवाहिनी

आधी शब्दाचा गुंता सोडवू. 'वेदनाग्राही' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो: वेदना टिपणारी अख्खी चेतापेशी, आणि त्या पेशीच्या पटलावरचं एखादं प्रथिन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रथिनापाशी आहे, दुसऱ्याचं पेशीपाशी. दोन्ही एकत्र केले की गोंधळ होणारच.

त्वचेत, शिरेच्या भिंतीत, श्वासनलिकेच्या अस्तरात या पेशींची उघडी टोकं असतात. तिथे दोन चॅनेल आपल्या कामाचे. टीआरपीव्ही१ हा मिरचीतल्या कॅप्सेसिनने, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने आणि आम्लाने उघडतो. १९९७ साली त्याचं जनुक सापडलं आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. दुसरा टीआरपीए१, तो मोहरीतल्या अलिल आयसोथायोसायनेटने उघडतो. मिरची जिभेला जाळते आणि मोहरी नाकात चढते, हा फरक बराचसा या दोन चॅनेलचा आहे. दोन्हींमधून सोडियम आणि कॅल्शियम आत येतं, टोकाचं व्होल्टेज चढतं, आणि ते पुरेसं चढलं की एनएव्ही १.७ व १.८ हे सोडियम चॅनेल पेटून संदेश मज्जारज्जूकडे धावतो.

म्हणजे टीआरपी ही दारावरची घंटा आणि एनएव्ही ही आत जाणारी तार. लिग्नोकेन तार तोडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच लिग्नोकेन घंटाही वाजवतं, हे २००८ साली स्पष्ट झालं. मिलिमोलर तीव्रतेला ते टीआरपीव्ही१ उघडतं, तेही कॅप्सेसिन जिथे बसतं त्याच भागाच्या मदतीने.

आता तीव्रतेचा हिशोब करा. १ टक्का लिग्नोकेन म्हणजे मिलीमागे १० मिग्रॅ, म्हणजे सुईच्या टोकाशी साधारण ३५ मिलिमोलर. विश्रांतीतला सोडियम चॅनेल अडवायला शेकडो मायक्रोमोलर लागतं. वारंवार उघडमीट होऊन 'निष्क्रिय' अवस्थेत गेलेल्या चॅनेलला १० मायक्रोमोलरच्या आसपासही पुरतं. त्यामुळे टोचताना औषध दोन्ही कामांना पुरून उरतं, फक्त दोन्हींना लागणारा वेळ सारखा नाही. घंटा वाजते ती उघड्या टोकावर, लगेच. तार तोडण्यासाठी रेणूला आधी विद्युतभाररहित रूपात पेशीपटल ओलांडावं लागतं, मग आत पुन्हा प्रोटॉन घेऊन चॅनेलच्या पोकळीत आतल्या बाजूने शिरावं लागतं. चुरचुर होते ती या मधल्या वेळात.

प्रोपोफोलची गोष्ट टीआरपीए१ ची. १ टक्का प्रोपोफोल म्हणजे ५६ मिलिमोलर, पण जवळपास सगळं तेलाच्या थेंबात अडकलेलं (ते पाण्यात तेलाचे बारीक थेंब असलेलं दुधाळ इमल्शन असतं). पाण्याच्या भागात मोकळा अंश एक टक्क्याहूनही खूप कमी, तरी शिरेच्या भिंतीतला टीआरपीए१ उघडायला तेवढा पुरतो. टीआरपीए१ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत ही वेदनेची प्रतिक्रिया उमटत नाही. पुढे रक्तात मिसळलं की ९७-९८ टक्के औषध प्रथिनांना चिकटतं आणि मोकळी तीव्रता इतकी उतरते की घंटा शांत होते. म्हणून आग औषध जातं त्या हातात होते, दुसऱ्या हातात नाही.

भुलेच्या वायूंमध्येही हेच दिसतं. आयसोफ्लुरेन आणि डेस्फ्लुरेन टीआरपीए१ उघडतात, सेव्होफ्लुरेन आणि हॅलोथेन उघडत नाहीत. श्वासमार्गाला कोणता वायू झोंबतो आणि कोणता नाही, ही जुनी यादी याच्याशी तंतोतंत जुळते.

---

सुईदोरा

वरच्या उत्तरातलं लिग्नोकेनचं चित्र बरोबर आहे, पण आम्लाला त्यात फारच कमी जागा मिळाली. अ‍ॅड्रिनॅलिन घातलेलं लिग्नोकेन टिकावं म्हणून मुद्दाम आम्ल ठेवतात, पीएच साधारण ३.५ ते ५. एवढ्या पीएचला टीआरपीव्ही१ आणि आम्ल ओळखणारे एएसआयसी चॅनेल औषधाच्या मदतीशिवायच उघडतात. सोडियम बायकार्बोनेट मिसळल्यावर चुरचुर बरीच कमी होते, याचा अर्थ तिचा मोठा वाटा आम्लाचा आहे. शिवाय चामडीत जागा करत घुसणाऱ्या द्रावणाचा ताण वेगळाच.

प्रत्यक्षात काय करायचं:

१ टक्का लिग्नोकेन (अ‍ॅड्रिनॅलिनसह) १० मिली, त्यात ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट १ मिली. मिसळून लगेच वापरायचं. पीएच वाढल्यावर अ‍ॅड्रिनॅलिन झपाट्याने खराब होतं, त्यामुळे सकाळी भरून ठेवलेली सिरिंज दुपारी कामाची नाही. हेच प्रमाण बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या दुसऱ्या औषधांना लावू नका. ती विद्युतभाररहित रूपात पाण्यात नीट विरघळत नाहीत, द्रावण गढूळ होऊन साका बसतो. गढूळ दिसलं की फेकायचं, हलवून 'ठीक' करायचं नाही.

द्रावण शरीराच्या तापमानाला आणा, २७ ते ३० गेजची सुई घ्या, त्वचेच्या आत फुगा काढण्याऐवजी त्वचेखाली सोडा, आणि सावकाश. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वेग हीच. घाईने ढकललेलं बफर केलेलं (बायकार्बोनेट मिसळून आम्ल कमी केलेलं) औषधही दुखतंच.

बफर केल्याने डोसची मर्यादा वाढत नाही. लिग्नोकेन नुसतं असेल तर किलोमागे ४.५ मिग्रॅ, अ‍ॅड्रिनॅलिनसह ७ मिग्रॅ, हीच रूढ मर्यादा.

प्रोपोफोलसाठी: मनगटाच्या मागची बारीक शीर टाळा, कोपराच्या खोबणीतली मोठी घ्या. तिथे रक्ताचा ओघ जास्त, औषध पातळ होतं आणि भिंतीशी कमी वेळ राहतं. ती बारीकच शीर घ्यावी लागली तर वर टूर्निके (रक्ताचा ओघ अडवणारा पट्टा) आवळा, लिग्नोकेन २० ते ४० मिग्रॅ सोडा, अर्धा ते एक मिनिट थांबा, टूर्निके सोडा, मग प्रोपोफोल. टूर्निकेशिवाय सोडलेलं लिग्नोकेन पुढे वाहून जातं, म्हणून तसं केल्यावर फायदा कमी दिसतो.

प्रोपोफोलच्या सिरिंजमध्येच लिग्नोकेन मिसळणारे बरेच असतात. २० मिलीत २० मिग्रॅच्या वर जाऊ नका आणि मिसळून ठेवून देऊ नका. ४० मिग्रॅ मिसळलं तर काही तासांत तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून वेगळा थर दिसू लागतो. हे थेंब शिरेतून फुप्फुसात जायचे. थर डोळ्यांना दिसण्याआधीच थेंब मोठे होऊ लागलेले असतात, त्यामुळे 'दूध एकसारखं दिसतंय' यावर विसंबू नका.

मध्यम आणि लांब साखळीच्या स्निग्धाम्लांचं मिश्र इमल्शन मिळालं तर तेच घ्या. त्यात पाण्याच्या भागातलं मोकळं प्रोपोफोल कमी असतं, आणि झोंबतो तो तेवढाच भाग.

---

गोंधळलेला_न्यूरॉन

एक शंका. सगळं टीआरपीए१ वर ढकलून कसं चालेल? प्रोपोफोलची आग काही वेळा लगेच होते, काही वेळा १०-२० सेकंदांनी.

---

आयनवाहिनी

बरोबर पकडलंत. लगेचची आग म्हणजे भिंतीतल्या टोकांवर थेट मारा. उशिराच्या आगीमागे ब्रॅडीकायनिन हा वेदना वाढवणारा रेणू असल्याचं मानतात. इमल्शनमुळे रक्तातली कायनिनची साखळी सुरू होते, ब्रॅडीकायनिन तयार होतं, शीर सैल आणि गळकी होते, आणि मोकळं प्रोपोफोल टोकांपर्यंत आणखी सहज पोचतं. ब्रॅडीकायनिनचा बी२ रिसेप्टर पेशीच्या आतून टीआरपीव्ही१ आणि टीआरपीए१ दोघांनाही संवेदनशील करतो, त्यामुळे दोन्ही रस्ते शेवटी त्याच घंटेपाशी येतात. मी पहिल्या उत्तरात हे गाळलं होतं. आम्लाबद्दल वर सुईदोराने लिहिलंय तेही मान्य.

---

चेतातंतू

पीएचचा विषय निघालाच आहे तर: सुजलेल्या, पू झालेल्या जागी लिग्नोकेन चालत नाही, त्याचंही कारण हेच ना?

---

सुईदोरा

अर्धं. लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा) ७.९ धरा. पीएच ७.४ ला सुमारे २४ टक्के रेणू विद्युतभाररहित, म्हणजे पटल ओलांडू शकणारे. पीएच ६.४ ला हाच आकडा ३ टक्क्यांवर येतो. पूर्वी चारातला एक रेणू आत जाऊ शकत होता, आता तिसातला एक.

पण खालची दाढ पेटलेली असताना जबड्याच्या मागच्या टोकाशी चेता बधिर करतात तेव्हा सुई सुजेपासून कितीतरी लांब असते. तिथला पीएच ठीकठाक असतो, ओठ व्यवस्थित बधिर होतो, तरी दाढ ओरडते. हे पीएचने समजत नाही. सुजेतल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे पेशीच्या आत प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं आणि एनएव्ही १.८ कमी व्होल्टेजला उघडू लागतो. टेट्रोडोटॉक्सिन या विषाला न जुमानणारे हे चॅनेल लिग्नोकेनलाही इतर सोडियम चॅनेलपेक्षा कमी दाद देतात. वर मज्जारज्जू आणि मेंदूच्या बुंध्यातले चेतापेशींचे जोड आधीच तापलेले असतात. अशा वेळी त्याच जागी आणखी एक सिरिंज रिकामी करण्यापेक्षा दाताभोवतीच्या बंधात किंवा हाडात थेट औषध पोचवणं जास्त कामाचं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सुझेट्रिजिन याच एनएव्ही १.८ ला निवडून पकडतं. ते लिग्नोकेनसारखं पोकळीत बसत नाही, चॅनेलच्या व्होल्टेज ओळखणाऱ्या भागाला धरून त्याला बंद स्थितीत ठेवतं.

---

मज्जारज्जू_७

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पूर्ण भुलेत वेदनाग्राही बंद नसतात. चिरा दिला की त्वचेतल्या पेशी नेहमीसारख्याच पेटतात आणि संदेश मज्जारज्जूच्या मागच्या शिंगापर्यंत (वेदनेचे संदेश घेणाऱ्या भागापर्यंत) जातो. फरक पडतो तो पुढे.

प्रोपोफोल आणि इटोमिडेट गाबा-ए रिसेप्टरच्या बीटा उपघटकाजवळ बसून क्लोराइडची वाट जास्त वेळ उघडी ठेवतात. बीटा ३ मधलं २६५ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांत (२००३) ही दोन औषधं पाय आखडण्याची प्रतिक्रिया थांबवूच शकली नाहीत. वायू गाबा-ए शिवाय टीआरईके-१ सारखे पोटॅशियम चॅनेल उघडून पेशी थंड करतात. केटामाइन, नायट्रस ऑक्साइड आणि झेनॉन हे चेतापेशींना उत्तेजित करणारा एनएमडीए रिसेप्टर अडवतात. यांपैकी केटामाइन उघड्या चॅनेलच्या पोकळीत अडकून बसतं, म्हणून वारंवार पेटणाऱ्या जोडावर जास्त प्रभावी. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी औषधं) म्यू रिसेप्टरमार्फत वेदनातंतूच्या मज्जारज्जूतल्या टोकाशी कॅल्शियम चॅनेल दाबतात आणि पुढच्या पेशीचं पोटॅशियम चॅनेल उघडतात. या सगळ्यांत 'वेदनेचा संदेश' या अर्थाने नेमका वार ओपिऑइडचा आणि स्थानिक भुलेचा. नुसत्या प्रोपोफोलवर माणूस गाढ झोपलेला दिसतो, पण चिरा दिल्यावर नाडी आणि रक्तदाब चढतात, डोळ्यांत पाणी येतं. वेदना जाणवत नाही, पण शरीर तिला उत्तर देतच असतं.

हालचाल न होणं हा मेंदूचा कमी आणि मज्जारज्जूचा जास्त परिणाम आहे. १९९३ सालच्या बकऱ्यांवरच्या प्रयोगात आयसोफ्लुरेन सगळ्या शरीराला दिलं तेव्हा हालचाल थांबवायला १.२ टक्के पुरलं. फक्त मेंदूला पोचवलं तेव्हा २.९ टक्के लागलं. मॅक हा आकडा म्हणजे चिरा दिल्यावर निम्मे जण हलत नाहीत ती तीव्रता. त्यामुळे मॅक पाहून 'वेदना झाकली गेली' असं समजणं चूक.

आणि उलट दिशेचा मुद्दा, जो सहसा सुटतो. प्रोपोफोल रक्तात गेल्यावर टीआरपीए१ साठी फारच पातळ होतं, पण आयसोफ्लुरेन तसं नाही. भुलेला लागणाऱ्या तीव्रतेलाच ते टीआरपीए१ उघडतं आणि टीआरपीव्ही१ ला संवेदनशील करतं, तेही शरीरभर. उंदरांच्या कानाला मोहरीचं तेल लावलं तेव्हा आयसोफ्लुरेनखाली सूज सेव्होफ्लुरेनपेक्षा जास्त आली. मध्यवर्ती चेतासंस्था दाबलेली आणि परिघ चिडलेला, अशी ती अवस्था.

डेस्फ्लुरेनबाबत एवढंच: मास्कवर सुरुवात करायची नाही, विशेषतः लहान मुलांत. ६ टक्क्यांच्या वर खोकला, श्वास रोखणं, स्वरयंत्र आवळणं हे सगळं येतं. नळी बसल्यावरही ४ वरून झटकन ८ वर नेलं की नाडी आणि रक्तदाब उसळतात. टप्प्याटप्प्याने वाढवा, किंवा ५ मिनिटं आधी फेंटानिल किलोमागे १.५ मायक्रोग्रॅम.

---

पिपेटवाला

तिसऱ्या प्रश्नाचं.

निम्मा प्रतिसाद म्हणजे चूक नव्हे, तो टीआरपीए१ चा स्वभाव आहे. बाहेर कॅल्शियम असेल तर चॅनेल आधी जोरात उघडतो आणि मग त्याच कॅल्शियममुळे मंदावतो. फ्युरा-२ ला कॅल्शियम लागतंच, म्हणून एका कव्हरस्लिपवर एकच डोस. डोस-प्रतिसादाचा आलेख वेगवेगळ्या कव्हरस्लिपवरून काढा आणि प्रत्येकीचा आकडा शेवटी दिलेल्या १०० मायक्रोमोलर अलिल आयसोथायोसायनेटच्या प्रतिसादाशी भागून लिहा. हा नियंत्रक नेहमी शेवटीच. तो चॅनेलच्या सिस्टीनना सहसंयोजक बंधाने धरतो, धुऊन लवकर निघत नाही. आधी दिला तर ती कव्हरस्लिप संपली.

आकडे दर वेळी वेगळे येण्यामागे बहुधा प्रोपोफोल पेशींपर्यंत पोचतच नसावं. ते तेलकट आहे, पीव्हीसी आणि सिलिकॉनच्या नळ्यांत शोषलं जातं. सुरुवातीला नळी औषध खाते आणि नंतर साध्या द्रावणातही ते परत सोडते. टेफ्लॉनची नळी, काचेची बाटली, आणि नळी शक्य तितकी आखूड.

दवाखान्यातलं पांढरं इमल्शन वापरत असाल तर आधी ते थांबवा. तेलाचे थेंब प्रकाश विखुरतात आणि मोकळं औषध किती हे ठरवता येत नाही. शुद्ध २,६-डायआयसोप्रोपिलफिनॉल (म्हणजेच प्रोपोफोल) घ्या, डीएमएसओ या द्रावकात साठा करा, अंतिम द्रावणात डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ नियंत्रणातही घाला. साठा पिवळसर झाला असेल तर टाकून द्या. हवेने ऑक्सिडीकरण होऊन पिवळेपणा येतो, आणि क्विनोन जातीचे रेणू टीआरपीए१ स्वतःच उघडतात. मग तुम्ही प्रोपोफोल मोजताय की त्याचा गंज, हे कळणार नाही.

टीआरपीए१ नसलेल्या एचईके पेशींची कव्हरस्लिप दर दिवशी हवी, आणि एकीवर एचसी-०३००३१ (टीआरपीए१ अडवणारा रेणू) आधी देऊन प्रतिसाद दबतो का तेही बघा. या दोन्हींशिवाय आलेला आलेख मी तरी मानणार नाही.

पुढे आयसोफ्लुरेनकडे वळलात तर उघड्या टाकीतून ते उडून जातं. काचेच्या हवाबंद सिरिंजमधून द्या. १ मॅक म्हणजे द्रावणात साधारण ०.३ मिलिमोलर. पेशींजवळचं द्रावण घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफीवर एकदा तरी मोजा, बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.

---

चेतातंतू

नळी सिलिकॉनचीच आहे. टेफ्लॉन लावून आणि एका कव्हरस्लिपवर एकच डोस ठेवून परत मोजतो.

शेवटचं: टीआरपीव्ही१ फक्त वेदनेच्या पेशींवर असेल तर तेच दार वापरून औषध फक्त त्यांच्यात सोडता येणार नाही का? हातपाय हलते राहतील आणि वेदना जाईल.

---

आयनवाहिनी

हे २००७ साली उंदीरवर्गीय प्राण्यांत करून झालंय. क्यूएक्स-३१४ हे लिग्नोकेनचं कायम विद्युतभारित भावंड. बाहेरून दिलं तर निरुपयोगी, कारण पटल ओलांडता येत नाही. कॅप्सेसिनने टीआरपीव्ही१ उघडला की त्याच्या पोकळीतून ते आत शिरतं आणि सोडियम चॅनेल आतून अडवतं. स्पर्शाच्या आणि स्नायूंच्या तंतूंवर टीआरपीव्ही१ नाही, ते सुटतात.

अडचण उघड आहे: दार उघडायला कॅप्सेसिन, म्हणजे आधी भयंकर आग. म्हणून पुढे कॅप्सेसिनच्या जागी लिग्नोकेनच वापरलं गेलं. तेही टीआरपीव्ही१ उघडतं, शिवाय स्वतःची आग स्वतःच विझवतं. दोन्ही मिसळून दिल्यावर आधी थोडा वेळ सगळंच बधिर होतं, लिग्नोकेन उतरलं की हालचाल परत येते आणि मुख्यतः वेदनेची बधिरता पुढे कितीतरी तास टिकते. चुरचुर हा ज्याचा दोष होता, तोच इथे किल्ली म्हणून वापरला.

पण क्यूएक्स-३१४ मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिलेल्या उंदरांमध्ये तीव्र चिडचिड आणि मृत्यूही दिसले. प्रयोगशाळेत वापरताना ते 'लिग्नोकेनसारखंच' समजून हाताळू नका.